गोवा की मनाली? आधी नवरीला तर विचारा

प्रश्न : नागपूरच्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय. वय २८, नोकरी मिहानमध्ये. कॉलेजपासूनचा सहाजणींचा ग्रुप, त्यातल्या एकीचं लग्न फेब्रुवारीत. पौषात मुहूर्त नको म्हणून घरच्यांनी तारीख पुढे नेली, त्यामुळे डिसेंबर-जानेवारी मोकळा मिळाला आणि बॅचलरेट ट्रिपचा, म्हणजे लग्नाआधी नवरीनं मैत्रिणींबरोबर करायच्या सहलीचा, विषय निघाला. पत्रलेखिकेला आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या एका मैत्रिणीला थर्टी फर्स्टला गोवा हवाय. तिसरीला बर्फ बघायचाय, म्हणून मनाली. चौथी काटोलकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिनं 'सात हजारांच्या वर मला जमणार नाही, तुम्ही जाऊन या' एवढं लिहिलं आणि नंतर ग्रुपवर बोललीच नाही. पाचवीचं बाळ अकरा महिन्यांचं. नवरी म्हणते, 'तुम्ही ठरवाल ते.' नवरीच्या आईनं मात्र पत्रलेखिकेला गाठून विचारलं, 'हे कसलं नवीन फॅड काढलं तुम्ही? सासरी कळलं तर?' गोव्याचा खर्च माणशी २२ हजारांवर जातोय. शिक्षिका मैत्रिणीचे वरचे पैसे कुणाला न सांगता आपणच भरावे, असं पत्रलेखिकेच्या मनात आहे. शेवटी विचारलंय, 'ताई, गोवा ठरवू की मनाली? की सगळं सोडूनच देऊ?'

उत्तर :

तुझं पत्र मोठं आहे आणि मी ते नीट वाचलं. गोव्यातल्या व्हिलाला पोहण्याचा तलाव आहे, मनालीच्या हॉटेलातून डोंगर दिसतो, टी-शर्टवर काय छापायचं याचे तीन पर्याय आहेत, हे सगळं मला कळलं. ज्या मुलीसाठी हा खटाटोप चाललाय तिला काय आवडतं, ते मात्र कुठे सापडलं नाही. तिच्या वाट्याला तुझ्या पत्रातलं एकच वाक्य आलंय, 'तुम्ही ठरवाल ते.' लग्न नवरीचं आणि मिरवणं करवल्यांचं, असं होऊन राहिलंय की काय, अशी शंका आली. रागावू नकोस. तुझा जीव आहे तिच्यावर, हे ओळीओळीत दिसतं. म्हणूनच स्पष्ट लिहिते आहे.

'तुम्ही ठरवाल ते' हे वाक्य मुली तीन वेगवेगळ्या कारणांनी बोलतात. एखादीला खरंच काहीही चालतं. एखादी दमलेली असते. बस्ता, ब्लाउज, हॉलवाल्याचा अ‍ॅडव्हान्स, पत्रिकेत कुणाचं नाव आधी आणि कुणाचं नंतर, एवढं सगळं उरावर असताना आणखी एक निर्णय नको वाटतो. आणि एखादीला जायचं नसतं, किंवा तुम्ही म्हणता तसं जायचं नसतं, पण पाच मैत्रिणींच्या उत्साहावर पाणी ओतायचा धीर होत नाही. तुझी मैत्रीण यातली कोणती, ते मला इथे बसून कसं कळणार? तुला कळू शकतं. पण ग्रुपवर मतदान घेऊन नाही. ग्रुपवर ती पुन्हा तेच लिहील आणि खाली एक हसरा चेहरा टाकेल.

एका संध्याकाळी तिला एकटीलाच धरमपेठेत कॉफी प्यायला घेऊन जा. 'कुठे जायचं' हा प्रश्न विचारू नकोस, त्याचं उत्तर ती तुझ्या तोंडाकडे बघून देईल. घरून किती रात्री निघता येईल, ते विचार. काय अजिबात नको आहे, ते विचार. रात्रभर जागणं, दारू, पोहण्याचे कपडे, फोटो, थंडी, लांबचा प्रवास, यातलं काहीही निघू शकतं आणि 'हवं' यापेक्षा 'नको' हे माणूस लवकर सांगतं. आणि शेवटी विचार, कोण नसेल तर तुला चुकल्यासारखं वाटेल? माझा अंदाज चुकूही शकतो, पण काटोलच्या मैत्रिणीचं नाव निघालं तर मला नवल वाटणार नाही. सरप्राइज द्यायचं कुणाच्या मनात असेल, तर तो नाद मात्र सोड. सरप्राइज वाढदिवसाच्या केकचं असावं. लग्नाच्या तोंडावर असलेल्या मुलीला अचानक चार दिवस घराबाहेर काढणं म्हणजे तिच्या घरातला कुळाचार, ब्यूटीपार्लरच्या वेळा आणि रजा, सगळ्यांशीच एकदम भांडण.

आता पैशांकडे येते. माझ्या मते तुझ्या पत्रातली खरी अडचण हीच आहे, गोवा-मनाली तिच्यावरचं पांघरूण आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. सहाजणींच्या सहलीत अंथरूण कुणाचं बघायचं, हे कुणी सांगत नाही. मी म्हणेन, सगळ्यांत लहान असेल त्याचं. तिनं सात हजार हा आकडा सगळ्यांसमोर लिहिला, त्याला धाडस लागलं असेल. त्यावर तुम्ही पाचजणींनी काय उत्तर दिलंत, ते तू लिहिलेलं नाहीस. बहुधा काहीच दिलं नाहीत आणि चर्चा व्हिलावर गेली. ती गप्प झाली ती रुसून नव्हे. बोलायचं तेवढं ती बोलून चुकली होती.

तिचे वरचे पंधरा हजार गुपचूप भरायचा विचार मनातून काढून टाक. ती शिक्षिका आहे, तिला हिशेब येतो. २२ हजारांची सहल आपल्याला सातमध्ये कशी पडली, हे तिला पहिल्या संध्याकाळीच कळेल, आणि मग तिथलं प्रत्येक जेवण तिला उपकारासारखं लागेल. त्यापेक्षा बजेटच सात हजारांचं धरा. ज्यांना जास्त खर्च करायचाय त्यांनी तो सगळ्यांच्या देखत आणि सगळ्यांसाठी करावा. तू गाडीचं भाडं उचल, पुण्याची मैत्रीण एका रात्रीचं जेवण देईल. नवरीचा वाटा बाकीच्या पाचजणींनी भरायचा की तिनं तिचा भरायचा, हे आधीच बोलून घ्या. भरायचा असेल तर सात हजारांतच तो पाचवा हिस्सा धरावा लागेल, तो विसरला की शेवटच्या दिवशी कटकट होते. दारूचा हिशेब पूर्ण वेगळा ठेवा. जी पिईल ती भरेल. लिंबू सरबत पिणाऱ्या बाईनं व्होडकाचे पैसे काऊन भरायचे?

हे जमलं की तारीख. थर्टी फर्स्ट सोडून दे, असं मी सरळ सांगते. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात त्याच खोलीचे आणि त्याच विमानाचे दर चढतात, मग ते गोवा असो की मनाली, आणि गर्दीतच अर्धा वेळ जातो. शिवाय आपल्या नागपूरचा डिसेंबर वेगळाच असतो. १९५३च्या नागपूर करारापासून चालत आलेलं विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन याच महिन्यात भरतं, तेव्हा शहरातली हॉटेलं आणि मुंबई-पुण्याकडची विमानं मंत्री, आमदार आणि त्यांचे कार्यकर्ते भरून टाकतात. पुण्याची मैत्रीण त्याच दिवसांत यायची असेल तर तिचा येण्याजाण्याचाच खर्च सहलीएवढा होईल. तिला अजनी-पुणे वंदे भारतचं तिकीट काढायला सांग. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४पासून ६० दिवस आधी सुरू होतं, चार महिने नव्हे. जानेवारीच्या मध्याची तिकिटं नोव्हेंबरच्या मध्यातच खुली होतात, हे लक्षात ठेवा.

२६ जानेवारीला जोडून सुट्टी काढायची कल्पना कुणीतरी मांडेलच. त्या दिवशी तुमच्या शिक्षिका मैत्रिणीला शाळेत झेंडावंदनाला उभं राहावं लागतं. तिची शनिवारची शाळा सकाळची असते, म्हणजे शनिवारी दुपारपासून रविवार रात्रीपर्यंतचा वेळ तिचा हक्काचा आणि फार तर सोमवारची एखादी किरकोळ रजा. पौषात लग्नं नाहीत म्हणून तुमच्या नवरीचा जानेवारीचा पहिला पंधरवडाही त्यातल्या त्यात सैल असणार.

एवढं मांडल्यावर मनाली आपोआप गळते. नागपूरहून आधी दिल्ली, तिथून रात्रभराची बस, म्हणजे जाण्यायेण्यातच तीन दिवस. मनाली गावात डिसेंबरअखेर बर्फ असेलच याची खात्री नसते. तो बघायला सोलांगला किंवा ९.०२ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सूला जावं लागतं. आणि बर्फ पडला की वेगळीच पंचाईत. डिसेंबर २०२४मध्ये नाताळच्या तोंडावर सोलांग ते अटल बोगदा या रस्त्यावर शेकडो गाड्या तासन्‌तास अडकल्या होत्या आणि पोलिसांनी पर्यटकांना बाहेर काढलं होतं. त्यात जानेवारीतलं दिल्लीकडचं धुकं. गाड्या आठ-दहा तास उशिरा धावणं तिकडे नवीन नाही. लग्न तोंडावर असलेल्या मुलीला त्या धुक्यात नेऊ नये, एवढंच माझं म्हणणं. बर्फ बघायची हौस असलेल्या मैत्रिणीला सांग, मार्चमध्ये तुम्ही दोघी जा. हौस खरी आहे, पण ती तिची आहे, नवरीची नव्हे.

गोव्याबद्दल माझी तक्रार नाही. नवरीनं स्वतःहून 'मला समुद्र हवा' म्हटलं, तर गोवाच करा, फक्त जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आणि जमलं तर सोमवार ते गुरुवार. पण मग काटोलच्या मैत्रिणीचं काय, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचं उत्तर तुम्हाला तिकीट काढायच्या आधी द्यावं लागेल. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. दाबोळी जुना आणि जानेवारी २०२३पासून उत्तरेकडचा मोपा. व्हिला दक्षिणेत आणि विमान मोपाला उतरणारं, असं झालं की टॅक्सीतच मोठी रक्कम जाते. तिथे ओला-उबर आपल्यासारखी मिळत नाही. भाड्यानं स्कूटर घ्याल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी कुणी स्वस्तात देत असेल तर पोलिसांनी अडवल्यावर दंड आणि मनस्ताप तुमच्या वाट्याला येतो.

नवरीचं 'तुम्ही ठरवाल ते' खरंच मनापासूनचं निघालं, तर माझा कौल पेंचच्या व्याघ्रप्रकल्पाला. आपल्या शहराची एक सवयच आहे, दारात वाघ असताना मुंबईकरांसारखी गोव्याची स्वप्नं बघायची. शनिवारी दुपारी दोनला निघालात तर कामठी, मनसर, पवनी करत चार-साडेचारला सिल्लारीत, म्हणजे पेंचच्या गेटाशी, पोचता. अंतर साधारण ७० किलोमीटर, काटोलची मैत्रीण सकाळची शाळा आटोपून येऊ शकते. सिल्लारीला वनखात्याचं निवाससंकुल आहे आणि आसपास साध्यापासून चैनीपर्यंत मुक्कामाच्या जागा. पुढे खवासा ओलांडून मध्य प्रदेशातल्या तुरिया गेटकडे गेलं तर रिसॉर्टं आणखी भारी, पण दरही भारी.

रात्रीचं आकाश मात्र महाराष्ट्राकडच्या पेंचचंच बघा. जानेवारी २०२४मध्ये या व्याघ्रप्रकल्पाला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. गावांतले दिवे झाकून, त्यांचा उजेड खाली वळवून इथलं आकाश काळं राखलंय, वाघोड्याच्या तलावाजवळ आकाश बघायची सोयही केली आहे. जानेवारीत रात्री आठला मृग नक्षत्र चांगलं वर आलेलं असतं. त्याच्या तीन ताऱ्यांची रेघ खाली लांबवली की व्याध सापडतो, वर लांबवली की रोहिणी आणि पुढे कृत्तिकेचा पुंजका. अमावास्येच्या जवळचा शनिवार निवडा. पौर्णिमेला गेलात तर चांदणं छान पडेल आणि तारे दिसणार नाहीत. अंगावर दोन शाली, हातात चहाचा कप आणि मोबाईल खोलीत. नवरीला मनातलं काही बोलायचं असेल तर ती अशाच ठिकाणी बोलेल, डीजेसमोर नाही.

रविवारी पहाटेची सफारी. एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात, त्यामुळे तुमचा ग्रुप एकाच गाडीत मावतो. पण अकरा महिन्यांच्या बाळाला उघड्या जिप्सीत पहाटेच्या गारठ्यात नेऊ नका. थंडीत गवत उंच असतं आणि पाणी सगळीकडे असतं, म्हणून वाघ उन्हाळ्याइतका सहज दिसत नाही, हे आधीच सगळ्यांना सांगून ठेव. नाहीतर दिसला नाही म्हणून एखादी तोंड पाडून बसेल. सफारीचं बुकिंग आधी, खोल्या नंतर. शनिवार-रविवारच्या जागा लवकर संपतात, आणि बुकिंगला जे ओळखपत्र दिलं असेल तेच मूळ स्वरूपात गेटवर दाखवावं लागतं. पेंच नाही मिळालं तर ताडोबा बघा, पण ते दूर आहे, मंगळवारी बंद असतं, आणि शनिवारी दुपारी निघून तिथे पोचेपर्यंत तुमचा पहिला दिवस संपलेला असेल.

जंगलात जाताना एक लक्षात असू द्या. ३१ डिसेंबर २०२४ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीला तिच्या बछड्यांसह दोन्ही बाजूंनी घेरलं होतं. त्याचे व्हिडिओ पसरले आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. तेव्हा 'ब्राइड स्क्वॉड'चे चमकणारे पट्टे आणि आरडाओरडा मुक्कामाच्या जागी, तेही साउंड सिस्टिमशिवाय. जिप्सीत मातकट रंगाचे कपडे आणि तोंडाला कुलूप. हे ज्यांना झेपणार नाही त्यांनी जंगलाच्या नादी लागू नये, मी मनापासून सांगते.

बाळाची आई. तिच्याबद्दल तुम्ही सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलंय की तिला जमणार नाही. तिला विचारलंय कुणी? कदाचित तिला एक रात्र बाळाशिवाय झोपायचं असेल आणि ती हे बोलायला लाजत असेल. कदाचित ती बाळाला आणि आपल्या आईला घेऊन येईल आणि तुम्ही सफारीला गेल्यावर रिसॉर्टच्या उन्हात मालिश करत बसेल. पेंच दीड-दोन तासांवर असल्याचा फायदा हाच की तिला अर्ध्या दिवसासाठीही येता येतं, आणि नवऱ्याला रात्री फोन केला तर तो न्यायला येऊ शकतो. गोव्याला 'सगळं किंवा काहीच नाही' असा मामला असतो.

सोमवारची रजा सगळ्यांना मिळत असेल आणि जंगलात कुणालाच रस नसेल, तर इंदूर-महेश्वर हा माझ्या आवडीचा पर्याय. नागपूरहून इंदूरला वंदे भारत आहे. दुपारी निघते, आठ-साडेआठ तासांत मध्यरात्रीच्या सुमारास पोचवते. बॅगा टाकायच्या आणि थेट सराफ्यात. दिवसा सोन्याचांदीची दुकानं, ती बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे खाण्याच्या गाड्या. थंडीत तिथे गराडू मिळतो. हा एक कंद, तुपातेलात खरपूस तळून, वरून मसाला भुरभुरून, लिंबू पिळून कागदी द्रोणात देतात. एक द्रोण सहाजणींत संपला तर समजा कुणीतरी लाजतंय. दुसऱ्या दिवशी नव्वद-पंचाण्णव किलोमीटरवर महेश्वर, अहिल्याबाई होळकरांची राजधानी. नर्मदेचा घाट, होडी, आणि हातमागावर साड्या विणणारे विणकर. माहेश्वरीचा काठ नीट बघा, चटई, वीट, लहर अशी नक्षी वाड्या-घाटांच्या दगडी कामातून काठावर उतरली, असं तिथले विणकर सांगतात. काही काठ दोन्ही बाजूंनी सारखे असतात, साडी उलटी-सुलटी कशीही नेसता येते. पाचजणींनी मिळून नवरीला एक साडी मागावरूनच घेऊन दिली तर ती टी-शर्टपेक्षा जास्त दिवस टिकेल. पण काटोलच्या मैत्रिणीला शुक्रवारचीही रजा टाकावी लागेल, हे बघून घ्या.

पचमढी आणि चिखलदरा यांबद्दल थोडक्यात. पचमढी सुंदर आहे, १३५२ मीटरच्या धूपगडावरचा सूर्यास्त बघण्यासारखा, पण रस्त्यानं अडीचशे किलोमीटर घाटातून जाऊन दोन रात्रींत परतणं म्हणजे नुसती दगदग. तीन रात्री असतील तरच जा. चिखलदरा जवळचं आणि स्वस्त. शनिवार-रविवारी तिथे कुटुंबकबिल्यांची गर्दी असते, मोकळेपणा मिळणं कठीण. आणि हो, डिकीत बाटल्या ठेवून कुणी निघणार असेल तर अमरावती रोडवर कारंजा-तळेगावचा पट्टा वर्धा जिल्ह्यात येतो आणि तिथे दारूबंदी आहे. नवरीला घेऊन पोलीस चौकीत बसायची हौस नसेल तर बाटल्या घरीच राहू द्या.

आता नवरीच्या आईचं. त्यांच्या 'फॅड' या शब्दानं तुला राग आला, तो पत्रात दिसतोय. पण त्यांच्या बोलण्यात दोन गोष्टी एकत्र झाल्यात, त्या वेगळ्या कर. एक काळजी आहे, ती रास्त आहे. काकूंना घरी जाऊन भेट, कुठे जाणार, कोण कोण, गाडी कोण चालवणार, मुक्कामाच्या जागेचा फोन, परत कधी, हे सगळं एका कागदावर लिहून दे. ही परवानगी मागणं नव्हे, घरच्या माणसाला सांगून जाणं आहे. दुसरी गोष्ट 'सासरी कळलं तर'. तिथे तू मध्ये पडू नकोस, काकूंच्या वतीनंही नाही. नवरीनं होणाऱ्या नवऱ्याला स्वतः सांगावं, 'मी मैत्रिणींबरोबर दोन दिवस पेंचला जातेय.' त्यानं सांगितलेलं सासरी पोचतं आणि चर्चेचा विषय होत नाही. लपवलेलं आत्याबाईंच्या मोबाईलवर पोचतं, तेव्हा होतो.

म्हणून फोटोंचा नियम निघण्यापूर्वीच करा. नवरीनं पाहिल्याशिवाय कुणीही काहीही टाकायचं नाही. स्टेटसलाही नाही. ती 'हो' म्हणेल ते टाका, तेही घरी परतल्यावर. रील बनवायची तुला फार हौस दिसते, बनव, पण सगळ्यांत आधी तिला दाखव.

इतरही काहीजणींची याच विषयावर पत्रं आली आहेत. एकीच्या ग्रुपमधल्या तिघींना रात्री बाहेर राहायची घरून मुभाच नाही. तुम्हाला सांगते, एका दिवसाचीही मजा करता येते. डिसेंबर-जानेवारीत ज्वारी हुरड्याला आलेली असते. ओळखीतल्या कुणाचं शेत असेल तर सकाळी निघा, शेकोटीत कणसं भाजून हातावर चोळून खा, सोबत तिळाची चटणी आणि गूळ. दुपारी गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी, वरून तूप. नवरीचं केळवण म्हणून घरी सांगितलं की एकाही आईला त्यात फॅड दिसणार नाही. अंधार पडायच्या आत सगळ्या घरी. दुसऱ्या एकीनं विचारलंय, ऑफिसमधल्या मैत्रिणी आणि शाळेतल्या मैत्रिणी एकत्र न्याव्या का? नको. दोन्हीकडच्यांना एकमेकींची ओळख करून देण्यातच नवरीचा वेळ जाईल. ऑफिसवाल्यांना तर्री पोहे खाऊ घाल.

तर आता तू काय करायचंस. 'सगळं सोडून देऊ का' याचं उत्तर नाही. नवरीशी बोलणं या आठवड्यात उरकून टाक. मग ग्रुपवर तू स्वतः लिही, 'बजेट सात हजार, दोन रात्री, जानेवारीत. यात कुठे जाता येईल ते सांगा.' सूचना आपोआप बदलतील, बघशील. कुणी 'सातमध्ये काय होतं?' म्हणालीच, तर तिला खोल्यांचे आणि सफारीचे दर काढायचं काम दे.

पण त्याआधी काटोलला फोन कर. मेसेज नको. शाळा सुटून ती घरी पोचल्यावर, पाचच्या पुढे. पैशांचा विषय काढू नकोस, माफीही मागत बसू नकोस. जानेवारीतले कोणते शनिवार तिला मोकळे आहेत, तेवढं विचार आणि तीच तारीख धर. बाकीच्या पाचजणींना रजा टाकता येतात.